‘येईना झालंय’: एका स्टिकरमुळे वर्गाबाहेर गेलेला विद्यार्थी

सुहास माझ्याकडे आला तो पित्ताची तक्रार घेऊन. वय २०, तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला. दोन-तीन महिन्यांत वजन सात किलोंनी उतरलेलं, सकाळी उठल्याबरोबर मळमळ, दुपारपर्यंत डोकं ठणकतंय. गावाकडच्या डॉक्टरांनी रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं करून घेतलं. सगळं नॉर्मल. मग त्यांनी विचारलं, “झोपतोस किती वाजता?” उत्तर आलं, “चार-साडेचार होतात.” डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि त्याला सांगलीला माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. या एका प्रश्नासाठी मी त्यांची ऋणी आहे. विशीतली मुलं, त्यातही मुलगे, मनाला त्रास होतोय असं सांगत येत नाहीत. पोट, डोकं, छातीतली धडधड असं काहीतरी पुढे करतात आणि पुष्कळदा गोळ्या घेऊन परत जातात.

नाव बदललंय, ओळख पटेल असे काही तपशीलही बदललेत. सुहासच्या आणि त्याच्या घरच्यांच्या लेखी परवानगीनं हे लिहिते आहे. मसुदा त्यानं वाचलाय. दोन ठिकाणी त्यानं सुचवलेली दुरुस्ती तशीच घेतली आहे.

काय घडलं

सुहास डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. इंजिनिअरिंगच्या भाषेत ‘डीएसवाय’. ही मुलं वर्गात येतात तेव्हा वर्ग आधीच जमलेला असतो. पहिल्या वर्षाचं हॉस्टेल, गॅदरिंग, ट्रिप, प्रॅक्टिकलच्या बॅचेस यांतून ज्याचा त्याचा कंपू ठरून गेलेला असतो. वर्कशॉपमध्ये, सर्किट जोडताना डिप्लोमावाल्यांचा हात सहज चालतो, पण इंग्रजीतून उभं राहून बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते. सुहास डिप्लोमात वर्गात दुसरा होता. सांगलीच्या विश्रामबागेत एका रूमवर राहायचा, रूममेटही डीएसवायचाच, जेवण मेसला.

सप्टेंबरात सेमिनार होता. सुहासनं रूममेटला सांगून ठेवलं होतं, ‘भावा, व्हिडिओ काढ, मला माझ्या चुका बघायच्यात.’ चौथ्या स्लाइडला तो अडकला. पाठ केलेलं वाक्य निसटलं, तोंड अर्धवट उघडं, डोळे वर प्रोजेक्टरकडे. मग म्हणाला, “सर, पुढचं येईना झालंय.” वर्ग हसला, सरही हसले. सरांनी पुढचा प्रश्न मराठीत विचारला, त्याचं उत्तर त्यानं फळ्यावर आकृती काढून बरोबर दिलं. २५ पैकी १७ मार्क पडले. खाली येऊन बसला तेव्हा तोही हसत होता.

संध्याकाळी रूममेटनं त्यातला नऊ सेकंदांचा तुकडा पाच-सहा जणांच्या ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत तो वर्गाच्या ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं स्टिकर झालं होतं: उघडं तोंड, वर गेलेले डोळे आणि खाली पिवळ्या अक्षरांत ‘येईना झालंय’.

असाइनमेंट झाली का? स्टिकर. कँटीनला येतोस का? स्टिकर. पहिले काही दिवस सुहासनं स्वतःही ते वापरलं. पुढे चौकशीच्या वेळी सगळ्यांनी हेच पुढे केलं, ‘तो पण टाकायचा की मॅडम, त्याला राग आला असता तर बोलला असता.’ ग्रुपमध्ये नवीन असलेला मुलगा स्वतःवरच्या विनोदाला हसतो, कारण न हसला तर ‘याला चेष्टा कळत नाही’ असा शिक्का बसतो आणि होती ती जागाही जाते. त्या हसण्याला संमती समजायचं कारण नाही.

मग ते दुसऱ्या ब्रँचला गेलं. आता पाठवणाऱ्यांना हा कोण, कुठला, हेही ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या बसमध्ये अनोळखी पोरानं मागून ‘येईना झालंय काय रे?’ म्हटलं. मेसमध्ये भाजी संपली तर वाढपीसुद्धा म्हणायला लागला. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरी ७५ टक्क्यांखाली असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट वर्गाच्या ग्रुपवर आली. त्यात सुहासचं नाव होतं. यादीखाली पहिलंच उत्तर पडलं ते त्याच्याच तोंडाचं स्टिकर. त्या ग्रुपवर शिक्षक होते. कोणी काही बोललं नाही.

डिसेंबरात त्याच्या नावानं इन्स्टाग्रामवर खोटं अकाउंट निघालं. फोटो त्याचा, गाव त्याचं, आणि त्यावरून मुलींना घाणेरडे मेसेज. दोघींनी ब्लॉक केलं. तिसरीचा भाऊ दोन मित्रांना घेऊन रात्री रूमवर आला, कॉलर धरली आणि म्हणाला, ‘गावाकडं जाऊन बस, परत दिसलास तर बघ.’ त्यानंतर सुहास कॉलेजला गेला नाही. घरी फोनवर मात्र ‘लेक्चर चालू हायत’ एवढंच सांगत राहिला. घरचेही ऑक्टोबर छाटणीपासून बागेत गुंतलेले. जानेवारीत काढणीसाठी गावाकडे गेला तेव्हा आईनं बघितलं की पँट कमरेवर राहत नाहीये.

पहिली भेट

वडील सोबत होते. त्यांना तो आण्णा म्हणतो. मी सुहासला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आण्णा देत होते, त्यामुळे त्यांना थोडा वेळ बाहेर बसायची विनंती केली. दार लागल्यावरही सुहास बराच वेळ गप्प होता. मग त्यानं फोन काढून टेबलावर ठेवला आणि स्टिकर दाखवलं. ते दाखवतानाही तो कसंनुसं हसला.

नैराश्याचा अंदाज घेण्यासाठी आम्ही पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतो. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, एकूण गुण २७. सुहासचे १७ आले, म्हणजे मध्यम ते तीव्र या पट्ट्यातले. चिंतेसाठीच्या जीएडी-७ मध्ये २१ पैकी १४. आकड्यांपेक्षाही मी नवव्या प्रश्नाकडे बघते. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असं त्यात विचारलेलं असतं. त्यानं ‘काही दिवस’ वर खूण केली होती.

इथं थेट विचारावं लागतं. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नवा विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे, अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा दिसून आलंय. उलट, बोलता आल्यानं ओझं हलकं होतं. मी विचारलं, “जीव द्यावा असं वाटतं का? काही ठरवलंयस का?” तो म्हणाला, “ठरवलं न्हाई काही. पण सकाळी उठूच नये असं वाटतं.” कधी वाटतं? “रात्री. बघत बसल्यावर.”

काय बघत बसतो, तेही कळलं. त्यानं दोन वेगळी अकाउंट्स काढली होती, फक्त स्वतःचा चेहरा कुठे कुठे फिरतोय हे शोधायला. रात्री अकराला सुरू करायचा, पहाटे चारपर्यंत. मीम पेजेस, कमेंट्स, कोणी कोणाला टॅग केलंय. छळ झालेली मुलं छळाचं साहित्य इतरांपेक्षा जास्त वेळा पाहतात, हे घरच्यांना खरं वाटत नाही. पण मनाला धोक्याची चाहूल लागली की ते पहारा देतं. काही नवीन सापडलं नाही तर पाच मिनिटं सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या पाच मिनिटांच्या सुटकेसाठी पुन्हा बघितलं जातं. अशानं झोप जाते, झोप गेली की भूक जाते, आणि मग पित्त.

त्याच दिवशी सुरक्षेचा आराखडा लिहून काढला. विचार वाढायला लागले की आधी काय जाणवतं (त्याच्या बाबतीत छातीत गच्च होणं), तेव्हा एकट्यानं काय करायचं, कोणाजवळ जाऊन बसायचं, कोणाला फोन करायचा, आणि तरीही आवरलं नाही तर टेलिमानसचा १४४१६. ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं. सुहासनं तो क्रमांक ‘मामा’ या नावानं सेव्ह केला, कोणी फोन बघितला तर विचारू नये म्हणून.

मग त्याच्या परवानगीनं आण्णांना आत बोलावलं. द्राक्षबागेच्या घरात फवारणीची औषधं असतातच. ती शेडमध्ये कुलपात ठेवायची आणि किल्ली आण्णांनी स्वतःजवळ बाळगायची, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आत्महत्या प्रतिबंधाच्या उपायांत कीटकनाशकं हाताशी न ठेवणं वरच्या क्रमांकावर आहे. बहुतेक वेळा टोकाची इच्छा थोड्या वेळाची असते, तो वेळ निघून जावा लागतो. आण्णांचा चेहरा उतरला. एकही प्रश्न न विचारता त्यांनी मान हलवली आणि तिथूनच घरी फोन लावला.

आण्णांना कसं पटलं

औषधांचं त्यांनी लगेच ऐकलं, पण मूळ कारण त्यांच्या गळी उतरेना. “मॅडम, चार पोरं हसली म्हणून कोण असं करून घेतंय व्हय? आमाला मास्तर वर्गात उभं करून बडवायचे.” आणि पुढे, “तो फोनच फोडून टाकतो, कटकट मिटली.”

या दोन्ही वाक्यांमागे माया आहे, ती मला दिसत होती. तरी फोन काढून घेणं हा अशा वेळचा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. पुरावा त्याच फोनमध्ये असतो. जे एक-दोन मित्र उरलेले असतात तेही त्याच फोनमध्ये असतात. शिवाय फोन बंद झाला तरी स्टिकर बंद होत नाही, फक्त ते कुठवर पोचलं हे कळेनासं होतं आणि कल्पनेला मोकळं रान मिळतं. मुलं घरी सांगत नाहीत त्यामागेही बहुतेक हीच धास्ती असते: फोन जाईल, रूम सुटेल, कॉलेज बंद होईल. मुलींच्या बाबतीत तर ही धास्ती दुप्पट असते, आणि ती खोटी नसते.

बुलिंगवर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी त्याची तीन लक्षणं मांडली होती: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा होणं आणि दोन बाजूंची ताकद असमान असणं. शाळेच्या मैदानावर हे सरळ दिसतं, तोच दांडगा मुलगा रोज त्याच मुलाला ढकलतो. सुहासच्या वर्गात रोज ढकलणारा कोणीच नव्हता. प्रत्येकानं एकदा-दोनदाच स्टिकर टाकलं होतं, दुखवायचा हेतू बहुतेकांचा नव्हता, आणि प्रत्येकाला स्वतःचं ते एकदाच आठवत होतं. सुहासला मात्र सगळ्यांचं मिळून मिळत होतं, दिवसातून दहा-वीस वेळा, महिनोन् महिने. पुन्हा पुन्हा करणारा माणूस नसतानाही पुन्हा पुन्हा होणारी गोष्ट, हे फोनवरच्या छळाचं वेगळेपण आहे, आणि ते लक्षात घेतल्याशिवाय घरच्यांना, शिक्षकांना, खुद्द पाठवणाऱ्यांनाही हे प्रकरण उमगत नाही.

मी हे आण्णांना माझ्या परीनं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग स्वतःच म्हणाले, “म्हंजे भुरभुर पावसागत. एकदा धो धो पडून गेला तर बाग सावरती. रोजची भुरभुर लागली की पान वाळायचं नाव घेत न्हाई, अन् डाऊनी येतोय.” डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. ज्याला ऑक्टोबरातली रिमझिम बागेचं काय करते हे ठाऊक आहे, त्याला याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानंतर ‘चार पोरं हसली’ हे वाक्य त्यांनी पुन्हा काढलं नाही.

उपचार

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांनी तपासून नैराश्यावरची गोळी कमी मात्रेत सुरू केली. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि सुरुवातीला मळमळ वाढू शकते. सुहास आठवड्यातच म्हणाला, ‘परत पित्त सुरू झालं, बंद करतो.’ डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती म्हणून तो टिकला. पंचविशीच्या आतल्या रुग्णांकडे पहिल्या काही आठवड्यांत जवळून लक्ष ठेवावं लागतं, कारण या काळात काहींच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार तात्पुरते वाढू शकतात. त्या काळात तो गावाकडेच राहिला आणि आई रोज रात्री त्याच्या खोलीत झोपली.

झोपेसाठी साधी व्यवस्था केली. रात्री दहाला फोन आईच्या उशाशी चार्जिंगला. स्वतःचा चेहरा शोधायचं काम सुहासकडून काढून घेतलं आणि रूममेटकडे दिलं. त्यानं दिवसातून दोनदा बघायचं आणि काही करण्यासारखं असेल तरच सांगायचं. पहारा बंद कर म्हटलं तर मन ऐकत नाही. पण भरवशाचा दुसरा कोणी पहाऱ्यावर आहे म्हटल्यावर ते थोडं बसतं.

रूममेटचं नाव सुहासनंच सुचवलं. तो सोबत आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि काही विचारायच्या आत म्हणाला, “मॅडम, क्लिप माझ्याच फोनमधनं गेली. मी त्याला अजून सांगितलं न्हाई.” सुहास खाली बघत म्हणाला, “मला म्हायती हाय. पहिल्या दिवसापासनं.” मग का बोलला नाहीस? “भांडलो असतो तर रूमवर बोलायला पण कोण उरलं नसतं.” एवढे महिने दोघं एकाच खोलीत, एकाच डब्यातलं खात, हे न बोलता राहिले होते. त्या दुपारी रूममेट रडला, सुहास नाही रडला. पण त्या आठवड्यात पहिल्यांदा तो सलग सहा तास झोपला.

रूममेटच्या फोनमध्ये मूळ व्हिडिओ होता, साडेअकरा मिनिटांचा. सुहासनं तो कधी बघितलाच नव्हता, त्याच्यापुरता तो सेमिनार म्हणजे ते स्टिकर. आम्ही तो तिघांनी मिळून बघितला. बघण्याआधी मी त्याला विचारलं, तू किती वेळ अडकला होतास? “दीड-दोन मिनिटं तरी.” व्हिडिओत तो थांबा चार सेकंदांचा निघाला. पुढे सहा-सात मिनिटं तो नीट बोलतोय, फळ्यावर आकृती काढतोय, शेवटी दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्यात. त्यानं तो चार सेकंदांचा भाग परत लावायला सांगितला, पुन्हा लावायला सांगितला. आपल्या आठवणीवर वारंवार तेच एक चित्र आपटलं गेलं की आठवण त्या चित्राच्या मापाची होते. ती पुन्हा मोठी करायला मूळ गोष्ट समोर आणावी लागते, नुसतं ‘तू हुशार आहेस’ म्हणून भागत नाही.

पुढचं काम टप्प्याटप्प्यानं भीतीच्या जवळ जाण्याचं होतं. आधी माझ्या खोलीत स्टिकर टेबलावर ठेवून त्याबद्दल बोलणं. मग रूममेटबरोबर मेसला जाणं, मग लायब्ररी, मग एक प्रॅक्टिकल. कँटीन शेवटी. प्रत्येक वेळी धडधड वर जायची आणि थांबून राहिलं तर उतरायची, हे त्यानं वहीत लिहून ठेवलं. पळून आलं तर भीती जशीच्या तशी राहते, थांबलं तर झिजते. एकदा बसमध्ये कोणीतरी ‘येईना झालंय’ म्हणालंच. सुहास मागे वळून म्हणाला, “माझं नाव सुहास हाय.” ठरवून दिलेलं उत्तर नव्हतं ते, त्याचं त्यालाच सुचलं होतं.

कायदा आणि कॉलेज

लोकांना वाटतं की ऑनलाइन त्रास दिला की ‘६६ए’ लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. इतक्या ढोबळ शब्दांचं कलम कोणावरही चालवता येत होतं. चेष्टेच्या स्टिकरसाठी साठ पोरांना पोलीस ठाण्यात नेऊन सुहासचं भलं झालं नसतं.

खोट्या अकाउंटची गोष्ट निराळी. दुसऱ्याच्या नावानं, फोटोनं वावरण्याच्या तक्रारीत त्याच कायद्यातली ६६सी आणि ६६डी ही कलमं लावली जातात, दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. मुलींना गेलेल्या मेसेजसाठी भारतीय न्याय संहितेतली कलमंही आहेत. आधी पुरावा जमवला. अशी अकाउंट्स युजरनेम बदलून निसटतात, म्हणून तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक आणि मूळ मेसेज जसेच्या तसे, काहीही न पुसता. सगळ्यात भक्कम पुरावा मिळाला तो त्या तिसऱ्या मुलीकडून. रूममेटनं तिच्या मैत्रिणीमार्फत निरोप धाडला, खरं काय ते सांगितलं, आणि तिनं सगळे मेसेज दिले. जिच्या भावानं सुहासची कॉलर धरली होती, तीही याच अकाउंटची बळी होती. पुढे दोघांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या. भाऊ एकदा रूमवर येऊन गेला. काय बोलणं झालं ते सुहासनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ओळखपत्र जोडून इन्स्टाग्रामकडे तोतयेगिरीची तक्रार केली. २०२१ च्या नियमांनी अशा तक्रारीवर तेव्हा २४ तासांत मजकूर हटवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली होती, आणि अकाउंट दुसऱ्या दिवशी निघालं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर रीतसर तक्रार. १९३० हा क्रमांक बहुतेकांना पाठ असतो, पण तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीत रक्कम तातडीनं रोखण्यासाठी आहे. छळाची तक्रार पोर्टलवर किंवा सायबर पोलीस ठाण्यात सविस्तर लिहून द्यावी, आणि महिला व मुलांविषयीच्या तक्रारींसाठी पोर्टलवर वेगळा विभाग आहे. हे अकाउंट चालवणारा दुसऱ्या ब्रँचचा निघाला. सुहासशी तो कधी एक शब्द बोललेला नव्हता. त्याच्या लेखी तो चेहरा ‘मीमवाला’ होता. प्रकरण पोलिसांकडे आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

वर्गातल्या स्टिकरचं काय करायचं, हा अवघड प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कॉलेजच्या हातात होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम फक्त नवख्या विद्यार्थ्यांसाठी आहेत असं समजलं जातं. प्रत्यक्षात त्यांत ‘नवीन किंवा अन्य कोणताही विद्यार्थी’ येतो. मानसिक आरोग्यावर आणि आत्मविश्वासावर परिणाम करणारं कृत्य येतं, ई-मेल आणि पोस्टमधून केलेला अपमान येतो, आणि दुसऱ्याच्या फजितीत सक्रियच नव्हे तर निष्क्रिय सहभाग घेणंही येतं. २०१६ च्या दुरुस्तीनं दिसणं, भाषा, राहण्याचं ठिकाण, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला मानसिक छळ आणि वाळीत टाकणंही त्यात आणलं. ‘येईना झालंय’ या बोलीवर हसणं यात सरळ बसतं. मी सुहासच्या संमतीनं हे मुद्दे पत्रात मांडून कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीला दिले.

पहिला प्रस्ताव असा आला की वर्गासमोर सुहासला उभं करून सगळ्यांनी माफी मागावी. मी त्याला ठाम विरोध केला. ज्याला साठ जणांच्या नजरा सहन होत नाहीत त्याला पुन्हा त्याच साठ नजरांपुढे उभं करायचं, आणि वर ‘ठीक आहे’ म्हणायला लावायचं, हा त्याच्यावर दुसरा अन्याय. शेवटी एका तरुण मॅडमनी वेगळं केलं. सुहास गैरहजर असताना प्रत्येकाला कोरा कागद दिला. नाव लिहायचं नाही, फक्त हे स्टिकर आपण किती वेळा पाठवलं तो आकडा. बहुतेक कागदांवर १ किंवा २ होतं. काहींवर ‘पाठवलं नाही, हसलो’. मॅडमनी फळ्यावर सगळ्यांसमोर बेरीज मांडत नेली. ती वाढत गेली तेव्हा वर्गात कोणी बोलत नव्हतं, असं त्या सांगतात. व्याख्यान दिलं नाही. शेवटी एवढंच विचारलं की हे एका माणसाच्या फोनवर आलंय, आता काय करायचं? स्टिकर आपापल्या फोनमधून काढायचं पोरांनीच ठरवलं. डिफॉल्टर याद्या ग्रुपवर न टाकता ज्याची त्याला कळवायच्या, हे कॉलेजनं मान्य केलं. त्या संध्याकाळी सुहासला काही जणांचे वेगवेगळे मेसेज आले. काही नुसते ‘सॉरी भावा’. एक लांबलचक होता, तो त्यानं मला वाचून दाखवला आणि मध्येच थांबला.

सध्या

पीएचक्यू-९ चे गुण १७ वरून आधी ११, मग ६ वर आले. नवव्या प्रश्नाला आता ‘अजिबात नाही’. वजनातले पाच किलो परत आले. दोन विषय बॅकलॉगला गेले होते, त्यातला एक निघाला. वैद्यकीय प्रमाणपत्रावर हजेरीत सवलत मिळाली म्हणून वर्ष वाचलं.

सगळं जुळून आलंय असं नाही. वर्गाच्या ग्रुपवर तो परत गेलेला नाही, जायचंही नाही म्हणतो. सूचना रूममेट सांगतो. एकदा सेव्ह झालेलं स्टिकर कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे याचा हिशेब कोणालाच लावता येणार नाही. मध्यंतरी कोल्हापुरात शिकणाऱ्या त्याच्या चुलतभावाला ते कुठूनतरी आलं. ओळखून त्यानं फोन केला. सुहासनं मला पुढच्या भेटीत हे सांगितलं, तेही बोलता बोलता. त्या रात्री झोप लागली का, असं मी विचारलं. “उशिरा लागली. पण लागली.”

गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे. बरं वाटायला लागल्यावर लगेच बंद केली तर आजार उलटण्याचा धोका असतो, म्हणून आणखी काही महिने घ्यायची आहे. शेडची किल्ली आण्णांकडेच आहे. या सत्रातही एक सेमिनार आहे. विषय त्यानं स्वतः निवडलाय, सूक्ष्म सिंचनाचं स्वयंचलित नियंत्रण, आणि वर्गासमोर बोलण्याआधी घरी आई, आण्णा आणि रूममेट यांच्यापुढे बोलून बघायचं ठरवलंय. आमची पुढची भेट त्याच्या आदल्या आठवड्यात आहे.